घरबसल्या कारकुनांचा धनी कोण?

मुंबईला कारकून नवा नाही. गिरगावातल्या वाड्यांनी आणि दादरच्या चाळींनी फोर्टातल्या पेढ्यांना, बँकांना व सरकारी कचेऱ्यांना पिढ्यान् पिढ्या कारकून पुरविले. डबा, छत्री आणि लोकलचा पास ही त्याची आयुधे. त्याच्यावर आपण विनोद पुष्कळ केले. परंतु रजेचा अर्ज कोणाकडे करायचा, पगार कोणी द्यायचा आणि तो न मिळाल्यास कोणाच्या दारात जाऊन बसायचे, एवढे तरी त्या बिचाऱ्याला पक्के ठाऊक असे. आज याच वस्त्यांतून एक नवा कारकून तयार होत आहे. बहुतेक ठिकाणी तो पुरुष नसून स्त्री आहे. आणि वरीलपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर तिच्यापाशी नाही.

या नव्या कारकुनाला इंग्रजीत व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. काम करणाऱ्या मुली ‘व्हीए’ या दोन अक्षरांत भागवतात. आपण त्यांना दूरस्थ साहाय्यक म्हणू. दादरच्या दंतवैद्याकडे वेळ मागण्यासाठी फोन करावा, तर तो उचलणारी मुलगी दवाखान्यात नसते, सांगलीस आपल्या घरी बसलेली असते. सहलीच्या कंपनीचे आरक्षण, साड्यांच्या दुकानाची मागणीपत्रे, सनदी लेखापालाचा पत्रव्यवहार ही कामे अशीच दुरून होऊ लागली आहेत. उलट दिशेने, लालबागेतली एखादी पदवीधर न्यूयॉर्कच्या घरविक्रीच्या दलालाची रोजनिशी सांभाळते. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या मागे साडेदहा तास असते. तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा लालबागेत रात्रीच्या जेवणाची तयारी चाललेली असते, आणि तेथली कचेरी पाच वाजता सुटते तेव्हा येथे पहाटेचे साडेतीन झालेले असतात.

हा प्रकार कालपरवाचा नव्हे. २००५ च्या सुमारासच बंगळूरच्या काही कंपन्या अमेरिकन गृहस्थांची किरकोळ कामे अंगावर घेऊ लागल्या होत्या. २००७ साली टिमथी फेरिस या लेखकाच्या पुस्तकाने आठवड्यातून चारच तास काम करावे आणि उरलेले दूरदेशीच्या मदतनिसावर सोपवावे ही कल्पना लोकप्रिय केली. ते उरलेले तास कोणी तरी भरीत होते, हे त्या ग्रंथाच्या चाहत्यांच्या फारसे ध्यानात आले नसावे. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कचेरीवाचून कचेरी चालते असा सर्वांनाच साक्षात्कार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने अशा सेवा घरून चालविण्यावरची बंधने सैल केली. साथ ओसरली, कचेऱ्या उघडल्या. पण कारकुनासाठी जागा भाड्याने घ्यावी लागत नाही हा शोध धनी लोक विसरले नाहीत.

या कामाला सरसकट नावे ठेवण्याचा आमचा विचार नाही. लग्नानंतर वा बाळंतपणानंतर ज्यांना नोकरी सोडावी लागली अशा कितीतरी सुशिक्षित स्त्रियांच्या हाती यामुळे स्वतःचा पैसा आला आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना टाकून ज्यांना बाहेर पडता येत नव्हते, ज्यांना अपंगत्वामुळे लोकलची दारे बंद होती, त्यांना हे दार उघडले. विरारहून चर्चगेटला लोंबकळत जाण्यात माणसाची जी दशा होते ती टळणे हेही थोडेथोडके सुख नव्हे. आमचा वृत्तपत्रधंदाही या वाटेपासून दूर राहिलेला नाही. मुद्रितशोधनाचे काम आता घरोघर बसून होते, आणि ते पूर्वीपेक्षा वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न काम घरी करण्याचा नाहीच. घरी काम करणाराला कामगार मानायचे की नाही, हा आहे.

बी. डी. डी. चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात ज्यांना मोठी घरे मिळाली ते भाग्यवान; पण परळ-लालबागच्या इतर चाळींत असंख्य कुटुंबे तेवढ्याच जागेत आजही राहतात. त्या जागेत एका कोपऱ्यात अभ्यास करणारा मुलगा, दुसऱ्यात मालिका पाहणारे आजोबा, आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर संगणक उघडून कानाला यंत्र लावलेली आई, हे दृश्य आता नवलाचे उरलेले नाही. जागा तिची, संगणक तिचा, विजेचे बिल तिचे, इंटरनेटचे पैसेही तिचेच. वीज गेली तर तास बुडाला तोही तिचाच! जी पुंजी कारखानदाराने घालायची, ती येथे मजुराने घालायची अशी ही उफराटी व्यवस्था आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामाला लावायचे तर तिची संमती आणि तिच्या सुरक्षेची तजवीज सांगितली आहे. परंतु ओट्याशेजारच्या स्टुलापाशी ती तजवीज पाहायला कोण येणार?

यावर मालकांचे उत्तर ठरलेले आहे. या बायका आमच्या नोकर नाहीत, त्या स्वतंत्र व्यावसायिक आहेत, असे ते म्हणतात. काहींच्या बाबतीत ते खरेही आहे. दहा दुकानदारांचे हिशेब लिहून देणारी, आपला दर आपण ठरविणारी आणि नको ते काम नाकारणारी स्त्री स्वतंत्रच म्हटली पाहिजे. पण जी वर्षानुवर्षे एकाच धन्याचे काम नेमून दिलेल्या वेळात करते, जिला दुसरे काम घेण्याची मुभा नाही, आणि जिच्या पडद्याचे छायाचित्र दर काही मिनिटांनी धन्याकडे आपोआप जाते, तिला स्वतंत्र म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे. आम्ही मास्तरकी केली त्या काळातही वर्गातल्या मुलांवर इतका पहारा ठेवण्याचे आमच्या मनात आले नव्हते.

हा वाद देशाला अपरिचित नाही. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या भागांतल्या हजारो स्त्रियांनी पाने-तंबाखू घरी आणून विड्या वळल्या, आणि त्यांच्याविषयीही कारखानदार नेमके हेच म्हणत होते. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी कायदा केला आणि घरी विड्या वळणाऱ्या बाईला त्यात कामगार मानले. पुढे भविष्य निर्वाह निधीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली न्यायालयाने निवाडा दिला, त्याचा आशय साधा होता: बाई घरी बसून विड्या वळत असली तरी वाईट विडी नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याचे तिच्यावर नियंत्रण आहे, सबब ती त्याची कामगार आहे. विडी नाकारण्याएवढे नियंत्रण जर पुरे होते, तर दर काही मिनिटांचा पहारा पुरे का होऊ नये? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कोणी तरी द्यावे.

कायद्याच्या पुस्तकात या स्त्रीला नाव नाही असेही नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्याने आणि त्यापाठोपाठ २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गृहाधारित कामगार’ अशी संज्ञा दिली आहे, आणि तीत केवळ वस्तू करणारेच नव्हेत तर सेवा देणारेही स्पष्टपणे धरले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु नाव मिळाले म्हणून हक्क मिळाला असे होत नाही. अ‍ॅपवरून गिऱ्हाईक व कामगार यांची गाठ घालून देणाऱ्या कंपन्यांवर संहितेने उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची जबाबदारी टाकली आहे, आणि पाठीवर खाद्यपदार्थांची पेटी घेऊन धावणाऱ्या तरुणांना त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे. ज्या बाईला धन्याने थेट ओळखीतून कामावर ठेवले, तिच्या वाट्याला यातले काही येत नाही. ती सरकारच्या ई-श्रम नोंदवहीत आपले नाव घालू शकते, इतकेच. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदे केले, तेही अ‍ॅपवाल्यांपुरतेच. फिलिपाइन्स हा या धंद्यातला आपला मोठा प्रतिस्पर्धी. त्या देशाने २०१८ सालीच दूरस्थ नोकरांना कचेरीतल्या नोकरांइतकीच वागणूक द्यावी असा कायदा केला, आणि त्यामुळे त्याचा धंदा बुडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पण एकट्या सरकारकडे बोट दाखवून आम्हांस मोकळे व्हायचे नाही. घरात बसून काम करणाऱ्या स्त्रियांनी आपले बळ कसे उभे केले, हे याच वस्तीने देशाला दाखविले आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. तोच आजचा लिज्जत. पापड घरी लाटायचा, पण पीठ न्यायला आणि पापड द्यायला केंद्रावर यायचे, अशी त्यांची रीत पडली. त्या येण्याजाण्यातच ओळखी झाल्या आणि मजुरी करणाऱ्या बायका संस्थेच्या मालकिणी झाल्या. गिरणगावातल्या खाणावळवाल्यांची हकीकत तर अधिक बोलकी आहे. गिरणी कामगारांचे डबे घरोघर रांधणाऱ्या या बायका वाण्याच्या उधारीत बुडालेल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. एकमेकींना जामीन राहून त्यांनी बँकेचे कर्ज मिळविले. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्याच मोडल्या आणि डब्यांचे गिऱ्हाईक गेले, तरी मंडळ टिकले. आज त्याच गिरण्यांच्या आवारात काचेच्या कचेऱ्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक टेबलांचे काम पुन्हा चाळीतल्या खोलीत येऊन पडले आहे.

दूरस्थ साहाय्यकांपाशी नेमके हे येणेजाणे नाही. गिरणीला फाटक होते म्हणून तेथे द्वारसभा भरे. यांचे फाटक कोणते? एकाच धन्याकडे काम करणाऱ्या दोघी एकाच वाडीत राहत असतील आणि एकमेकींना त्याचा पत्ताही नसेल. एकीला तासाला किती मिळतात हे दुसरीला कळत नाही. धन्याला मात्र दोघींचेही ठाऊक असते. त्यात आता पत्रे लिहिणारी आणि वेळा ठरविणारी यंत्रे आली आहेत, आणि त्यांनाही साहाय्यक हेच नाव आहे. उद्या धन्याला यंत्र स्वस्त पडले तर एका रात्रीत, एका ओळीच्या संदेशाने, हे काम बंद होईल. नोटीस, भरपाई, थकलेले तास यांची गोष्टही निघणार नाही.

तेव्हा आमच्या वाचकांपैकी जे वैद्य, वकील, दुकानदार असा मदतनीस ठेवतात – आणि ते थोडे नाहीत – त्यांनी कायद्याची वाट न पाहता एक कागद करावा. कामाचे तास, दर, महिन्याची कोणती तारीख, साप्ताहिक सुटी, काम बंद करावयाचे असल्यास किमान एक महिन्याची सूचना, आणि वीज-इंटरनेटच्या खर्चातला आपला वाटा, एवढे त्यावर असावे व खाली सही असावी. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना आपण दिवाळीला जे देतो, ते न दिसणाऱ्या कारकुनालाही द्यावेसे वाटले तर आम्हांस आनंदच होईल. राज्याच्या कामगार खात्याने गृहाधारित कामगारांसाठी नियम करताना विडी कामगारांचा तो निवाडा समोर ठेवावा, आणि धन्याची वर्गणी त्यात सक्तीची करावी.

आणि गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथल्या सार्वजनिक मंडळांना आमची एक विनंती आहे. आपल्या खोल्या गणेशोत्सवानंतर वर्षाचे कितीतरी महिने रिकाम्या असतात. त्यांत चार टेबले, वीज आणि इंटरनेट यांची सोय करावी, म्हणजे ओट्याशेजारचे स्टूल सोडून या मुलींना तेथे येऊन काम करता येईल, आणि महिन्यातून एकदा आपापल्या दरांची गोष्ट एकमेकींशी बोलता येईल. पहिली खोली जे मंडळ उघडील, त्याचा पत्ता आम्ही याच पानावर छापू.