एकदम मक्खन!

परवा आमच्या भाऊजींना गाडी घ्यायची म्हणून ठाण्यात एका शोरूममध्ये गेलो. मी विचारलं, "पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवर आहे की रॅकवर?" मुलगा गोड हसला. "सर, एका बोटाने फिरतं. एकदम मक्खन!" भाऊजी खूश. माझं मात्र डोकं फिरलं.

मंडळी, माहितीपत्रकात 'पॉवर स्टिअरिंग' एवढंच छापतात. जणू सगळीकडे एकच यंत्र! पूर्वी इंजिनवर चालणारा तेलाचा पंप हे काम करायचा, आता विजेची मोटर करते. सुझुकीच्या सर्व्होमध्ये ती १९८८ साली आली, तीही कॉलमवर, म्हणजे डॅशबोर्डखाली, आपल्या गुडघ्यांपाशी. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती आजही तिथेच असते. स्वस्त, आटोपशीर, आणि इंजिनची धग व रस्त्यावरचं पाणी यांपासून लांब. पण तिचा सगळा जोर दांड्यातून आणि सांध्यांतून खाली जातो, म्हणून त्याला मर्यादा. जड गाड्यांत मोटर थेट खाली रॅकवर बसवतात. ताकद भरपूर, पण तिथे चिखलपाणी, त्यामुळे सील चोख हवं. पिनियनवर मोटर असलेला मधला प्रकारही आहे. शिवाय कोणत्या वेगाला किती मदत करायची हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे मोटर एकाच जागी असूनही दोन गाड्या हाताला वेगळ्या लागतात.

"कॉलमवाली म्हणजे खेळणं" म्हणून नाक मुरडणारे हौशी लोकही मला पटत नाहीत. डोंबिवलीत फडके रोडच्या गर्दीतून वाट काढत गल्लीत गाडी लावणाऱ्याला कॉलमवाली पुरते. पावसाळ्यात गुडघाभर पाणी तुंबतं तिथे तर मोटर वर असलेलीच बरी!

मग मी चिडलो कशाला? तीन वर्षांपूर्वी कल्याण-शीळ रस्त्यावर बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी. वळणावर पिवळा दिवा लागला आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. "अडकलं रे!" म्हणत बाबांनी चक्क हात सोडले. मी शेजारून ओढून गाडी कडेला घेतली. खरं तर काहीच अडकलं नव्हतं. स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतचा लोखंडी दुवा शाबूत होता, फक्त मोटरची मदत थांबली होती. दोन्ही हातांनी जोर लावला असता तर गाडी वळली असती. पण हे सत्तरीच्या माणसाला गाडी विकताना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते मक्खन!

माझं म्हणणं एवढंच, की मोटर कुठे आहे आणि ती बंद पडली तर काय करायचं, या दोन ओळी माहितीपत्रकात छापा. आणि आपणही गाडी फक्त शोरूमच्या दारात फिरवून बघू नये. घोडबंदर रोडला मोकळा पट्टा मिळाला तर साठच्या वेगाला स्टिअरिंग थोडं घट्ट होतं का, वळणानंतर आपसूक सरळ येतं का, ते पाहावं. वेगात हलकं स्टिअरिंग हे सुख नव्हे, धोका आहे.

असो. भाऊजींनी गाडी बुक केली. रंग आवडला म्हणून. (भाऊजी, वाचताय ना? पिवळा दिवा लागला तर हात सोडू नका!)