खेळातले डुक्कर आणि गावातले डुक्कर

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही नाशिकला बहिणीकडे गेलो होतो. भाचा नववीत. जेवण झाले की तो कॉम्प्युटरपुढे बसे आणि ‘माइनक्राफ्ट’ नावाचा खेळ खेळे. एके दिवशी आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. पडद्यावर लाकडी कुंपण होते आणि कुंपणात वीस-पंचवीस गुलाबी डुकरे फिरत होती. आमच्या तोंडून निघून गेले, “अरे, पाळायला तुला डुकरेच सापडली? गाय पाळ, मेंढी पाळ.”

पोराने मान वरही न करता उत्तर दिले, “मामा, माझ्याकडे गाजरं जास्त आहेत. गायीला गहू लागतो.”

उत्तर साधे होते. पण आम्ही विचारलेला प्रश्न साधा नव्हता, हे आमच्या रात्री उशिरा लक्षात आले. त्याने हिशेब सांगितला होता. आम्ही विटाळ विचारला होता!

वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा खेळ असेल, तरी थोडे सांगतो. स्वीडनमधील मोजांग कंपनीने तो २०११ साली पूर्ण स्वरूपात आणला; २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनीच विकत घेतली. यातले जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. झाडे तोडायची, जमीन कसायची, घर बांधायचे, जनावरे पाळायची. एका सर्व्हरवर वेगवेगळ्या गावांतली मुले एकत्र येऊन हे सारे करतात. डुकराचे म्हणाल तर दोन मोठ्या डुकरांना गाजर, बटाटा किंवा बीट खाऊ घातले की एक पिल्लू जन्मते. ते वीस मिनिटांत मोठे होते. मध्ये चारले तर त्याहून लवकर. आईबापांना पाच मिनिटांनी पुन्हा जोडता येते. फाटक उघडे राहिले तर कळप रानभर होतो, आणि कळप फार वाढला तर खेळ मंदावतो. म्हणून अनेक सर्व्हरवर किती जनावरे ठेवायची यावर मर्यादा असते.

जुने खेळाडू डुकराला फारसे मानत नाहीत, असे भाच्यानेच सांगितले. गाय दूध आणि कातडे देते, मेंढी लोकर देते, कोंबडी अंडी देते. डुक्कर देते ते फक्त मांस. त्याला खोगीर घालून, काठीला गाजर बांधून त्यावर बसता येते, ती गंमत वेगळी. पण भाजलेल्या डुकराच्या मांसाने भूक भागते ती गायीच्या मांसाइतकीच. दोहोंत रतीभर फरक नाही. तेव्हा तिथेही डुकराला कमी लेखतात. पण ते उपयोगावरून लेखतात. डुक्कर पाळणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही.

भाच्याच्या गटात पाच मुले होती. एक गाजरे पिकवी, एक भट्टी सांभाळी, आमचा भाचा डुकरे वाढवी. आठवड्याने कामे बदलत. कंटाळा आला की काम सोडायचे, आवडले की धरायचे. खेळातल्या वस्तीत संगणकच चालवतो अशी काही माणसेही असतात. त्यांतला खाटीक कच्चे मांस घेतो आणि पाचू देतो. आम्ही विचारले, “हा खाटीकच का?” भाचा म्हणाला, “त्याच्याजवळ धुरी द्यायची भट्टी ठेवली म्हणून. ती काढून पुस्तकाचं मेज ठेवलं असतं तर तो ग्रंथपाल झाला असता.” एकदा त्याच्याशी सौदा झाला की मग त्याचा धंदा पक्का होतो, बदलत नाही. “आणि त्याचं पोर?” आम्ही विचारले. “पोर मोठं झालं की त्याला काहीच काम नसतं. जवळ जे मोकळं असेल ते धरतं. बापाचा काय संबंध?”

बापाचा काय संबंध! आम्ही वकिली शिकलो, घटना शिकलो, अनेक वर्षे व्यासपीठावर बोललो. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, तिने काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली आहे, आणि तीही खालीवर उतरंड लावून. हे आम्ही शंभरदा सांगितले असेल. तेच नववीच्या पोराने डुकरांना गाजर टाकता टाकता सांगितले.

पण गोष्ट इथे संपली नाही. दोन दिवसांनी गटात एक नवा मुलगा आला. भाच्याचे कुंपण पाहून त्याने सर्वांना दिसेल असे लिहिले, “ए फँड्री!” बाकीची मुले हसली. भाच्याने त्या रात्री सगळी डुकरे कापून टाकली आणि कुंपण मोडले.

फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. नागराज मंजुळे यांचा याच नावाचा चित्रपट २०१३ चा. डुकरे पकडायला लागणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या पोराची, जब्याची ती कथा. आणि गाव त्याला हाच शब्द फेकून मारते. ज्या चित्रपटाने या शब्दामागची लाज गावाच्या तोंडावर फेकली, त्याच शब्दाची शिवी करून पुढची पिढी खेळात घेऊन आली. डुक्कर ठोकळ्यांचे झाले, विटाळ तसाच राहिला.

आम्ही वकील, त्यामुळे पहिला विचार कायद्याचा आला. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी तिची जात काढून शिवीगाळ करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. इंटरनेटवरून केलेल्या अपमानालाही हा कायदा लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. पण चौदा वर्षांच्या पोराला पोलीस ठाण्यात नेणे आम्हाला पटत नाही. तो शब्द त्याने कुठून उचलला, याचा जाब त्याच्या घराला आणि शाळेला विचारला पाहिजे.

कायद्याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. ज्या समाजाच्या शब्दाची ही शिवी झाली, तो कैकाडी समाज विदर्भातील काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे नागपुरातल्या कैकाडी पोराला या कायद्याची ढाल आहे. सोलापुरातल्या पोराला नाही. शिवी तीच, अपमान तोच, जिल्हा बदलला की कायदा बदलतो. हे क्षेत्रबंधन उठावे ही कैकाडी समाजाची जुनी मागणी आहे. तिच्यासाठी आम्ही किती मोर्चे काढले?

इथे आम्हाला आमच्याच घराकडे वळावे लागते. “डुकरेच सापडली का?” हे पहिल्यांदा त्या मुलाने म्हटले नाही, आम्ही म्हटले. आमच्या लहानपणी गावाबाहेर कैकाड्यांची, वडारांची पाले पडत. गाव आम्हाला दूर ठेवी आणि आम्ही त्यांना. त्यांच्या डुकरांना आम्हीही दगड मारले, त्यांच्या पोरांना आम्हीही नावे ठेवली. श्रेणीबद्ध असमानता म्हणजे काय ते बाबासाहेबांनी सांगितले: वरच्याचा अपमान सोसणाऱ्यालाही पायाखाली कोणीतरी हवा असतो, म्हणून ही उतरंड टिकते. ती आमच्या जिभेवर अजून आहे. मग त्या मुलाला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

काही बांधव म्हणतील, बाबासाहेबांनी घाणेरडी कामे सोडायला सांगितली, आता डुकरांचे कौतुक कशाला? सोडायचे होते ते जन्माने लादलेले काम, त्यातली लाचारी आणि सक्ती. आता सरकारच वराहपालनाला उद्योग म्हणते. २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या पैदास केंद्राला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान आहे. खरी मादी सुमारे ११४ दिवसांनी विते, एका वेतात आठ-दहा पिल्ले देते. तिथे वीस मिनिटांचा खेळ नाही. त्याला जागा लागते, भांडवल लागते, बँकेची पत लागते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे राखली, त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. ते या अनुदानाच्या दारापर्यंत पोहोचणार कसे? उद्या जमीनवाला डुकरे पाळील आणि ‘उद्योजक’ म्हणवील. कैकाड्याचे पोर त्याच्याकडे मजुरीला जाईल आणि फँड्रीच राहील. हे होऊ द्यायचे नसेल तर जमिनीचा, कर्जाचा आणि क्षेत्रबंधनाचा प्रश्न आमच्या चळवळीने आपला मानला पाहिजे. ज्याला हा धंदा करायचा त्याला मानाने करता यावा, ज्याला सोडायचा त्याच्या पोराला पुस्तकाचे मेज मिळावे.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही भाच्यापाशी बसलो. पहिल्या दिवशी आम्ही काय बोललो आणि का बोललो, ते त्याला सांगितले. पालांवर मारलेल्या दगडांचेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, कुंपण परत बांधायला लाकडं लागतील.” आम्हाला तो खेळ काही येत नाही. तरी लाकडे तोडायला आम्हीही बसलो.

जय भीम!