लेखनाचा पत्ता

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने संगणक मंदावला म्हणून टिपणांचे एक ॲप काढून टाकले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवून घेतले. ॲप परत आले. लघुप्रबंधाची चार महिन्यांची टिपणे आली नाहीत. दोष ॲपला देऊन भागणार नाही. आपले लिहिलेले राहते कुठे, हा प्रश्न तिने विचारला नव्हता. आम्ही शिक्षकांनी तो तिला शिकवलाही नव्हता.

विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये अधिकृत दुकानातून ॲप घेण्याची सोय आली. या दुकानातली ॲप्स सहसा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील ‘विंडोजॲप्स’ या दडवलेल्या फोल्डरात राहतात. त्याची मालकी प्रणालीकडे असते. संगणकाच्या धन्यालाही तेथे सहज प्रवेश नाही. ॲपने साठवलेला मजकूर मात्र बहुधा वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’त, ‘लोकल’मधल्या ‘पॅकेजेस’ फोल्डरात असतो. ॲप काढले की तोही जातो.

या बंदोबस्तामागे कारण आहे. घातक आज्ञावलींना ॲपमध्ये ढवळाढवळ करणे अवघड जाते आणि ॲप काढल्यावर मागे केरकचरा उरत नाही. तरीही मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची सकळ लिपी आठवावी. त्या लिपीने ग्रंथ जपले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी तिची उकल होईपर्यंत बाहेरच्या वाचकाला ते परकेच राहिले. जपणूक आणि दुरावा अनेकदा एकाच कुलपातून येतात.

कुलूप फोडण्याची गरज नाही; यादी पाहता आली तरी पुरे. ‘रन’च्या चौकटीत ‘शेल’, अपूर्णविराम आणि ‘ॲप्सफोल्डर’ हे इंग्रजी अक्षरांत सलग टंकले की सारी ॲप्स एकत्र दिसतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये जाऊन ॲप काढता येते, काही ॲप्स दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताही येतात. तेथेच, प्रगत पर्यायांत, ‘रिपेअर’ आणि ‘रीसेट’ हे दोन शब्द शेजारी बसलेले असतात. पहिला मजकूर राखतो, दुसरा पुसतो. शब्दांच्या छटांवर तास घेणाऱ्या आपण मंडळींनी एवढा अर्थभेद तरी विद्यार्थ्यांपर्यंत पोचवायला हवा.

म्हणून माझे म्हणणे असे, की संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात संदर्भसूचीइतकेच महत्त्व मजकुराच्या ठावठिकाण्याला मिळावे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपले कितीतरी लेखन विशिष्ट फाँटांत अडकले. फाँट गेला की अक्षरांची खिचडी उरे. त्या अनुभवातून आपण शिकलो असू, तर आता लेखन ॲपमध्ये अडकू देऊ नये. टिपणे ॲपमध्ये खुशाल करावीत. पण आठवड्यातून एकदा ती साध्या युनिकोड मजकुराच्या फाइलमध्ये, आपण स्वतः नाव दिलेल्या फोल्डरात उतरवून ठेवावीत.

हस्तलिखित कोणत्या दप्तरात आहे हे संपादकाला सांगता आले पाहिजे, असा आपला आग्रह असतो. तोच आग्रह स्वतःच्या लेखनाबाबत धरायला संकोच कसला?