दोष रिकर्शनचा नव्हे, क्वेरीच्या जागेचा

पीएचपीत कॅटेगरी, उपकॅटेगरी अशी उतरंड दाखवायची म्हटली की कोणीतरी अनुभवी हटकून बजावतो, ‘रिकर्शन नको, साइट झोपेल.’ साइट झोपते हे खरं. पण त्याचं खापर भलत्याच्याच माथी फुटतं.

दुकानाचं कॅटेगरी टेबल घ्या : आयडी, नाव, पॅरेंट आयडी. सर्रास दिसणारं फंक्शन एका कॅटेगरीच्या उपकॅटेगरी डेटाबेसला विचारतं आणि प्रत्येकीसाठी स्वतःला पुन्हा कॉल करतं. तिथे पुन्हा क्वेरी. ५०० कॅटेगरी असतील तर ५०१ क्वेरी. पान रखडतं ते या हेलपाट्यांनी. रिकर्शन काढून व्हाइल लूप लिहा, प्रत्येक कॅटेगरीमागे क्वेरी ठेवलीत तर आकडा तोच राहील.

दुसरा आक्षेप स्टॅक भरण्याचा. रिकर्शनची खोली ठरते पातळ्यांवर, ओळींच्या संख्येवर नव्हे. आणि दुकानाचा मेनू फार तर पाच-सहा पातळ्यांचा. ‘कपडे’चा पॅरेंट ‘साड्या’ आणि ‘साड्या’चा पॅरेंट ‘कपडे’ असा घोळ असेल, तर मात्र त्या शाखेत शिरलेलं फंक्शन बाहेर येणार नाही. पण तो डेटातला दोष आहे. पॅरेंट बदलताना नवा पॅरेंट आपल्याच वंशातला नाही ना, हे तपासा.

रिकर्शनऐवजी नेस्टेड सेट, म्हणजे प्रत्येक ओळीला डावा-उजवा आकडा देऊन उतरंड साठवण्याची रीत, सुचवणारे वाचनाचा वेग सांगतात. मध्येच एक कॅटेगरी घातली की पुढच्या सगळ्या ओळींचे डावे-उजवे आकडे सरकवावे लागतात, हे सांगत नाहीत. मायएसक्यूएल ८.० मध्ये २०१८ साली ‘विथ रिकर्सिव्ह’ आलं. लाखो ओळींतून एकच शाखा आणायला ते उत्तमच. पण हाती येतात त्या सपाट ओळी. त्यांची एकात एक बसणारी यादी पीएचपीलाच रचावी लागते.

म्हणून रीत अशी : एका क्वेरीत सगळ्या ओळी आणा. एका फोरईचमध्ये पॅरेंट आयडीनुसार अ‍ॅरेत गट पाडा. रिकर्सिव्ह फंक्शनला तो अ‍ॅरेच द्या, डेटाबेसचं कनेक्शन देऊच नका. प्रत्येक कॉल आपला ‘यूएल’ उघडतो, आतल्या ‘एलआय’ लिहितो आणि परतताना ‘यूएल’ बंद करतो. पातळी मोजत बसावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोड तपासताना फंक्शन स्वतःला कॉल करतंय म्हणून लाल शेरा मारू नका. त्याच्या पोटात क्वेरी आहे का, ते बघा. असेल तर ती बाहेर काढा; रिकर्शन राहू द्या.