‘घरातच आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका

मे महिन्यात पुण्या-मुंबईतली मुलं अकोल्याला, चंद्रपूरला, जळगावला आईवडिलांना फोन करतात, तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘ऊन फार आहे, बाहेर पडू नका.’ पलीकडून उत्तर येतं, ‘नाही रे, घरातच आहे.’ मुलाला हायसं वाटतं. काळजी खरं तर इथूनच सुरू व्हायला हवी. शेतमजुराला किंवा बांधकामावरच्या कामगाराला उष्माघात उन्हात राबताना होतो. म्हाताऱ्या माणसाला तो घरात बसल्या जागी, दोन-तीन दिवसांत हळूहळू गाठतो.

ऑगस्ट 2003मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे 15 हजार माणसं दगावली. त्यांतली बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढची होती आणि अनेक जण घरात एकटे होते. पॅरिसमध्ये थेट छपराखालच्या खोल्यांत राहणाऱ्यांना धोका अधिक होता, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे पत्र्याच्या घरात किंवा इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो.

वयाबरोबर घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते, त्वचेकडे जास्त रक्त पोहोचवण्याचा ताण हृदयाला झेपत नाही. रक्तदाबासाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी शरीरातलं पाणी आणखी कमी करते. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, पण उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावं. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी किती प्यावं हेही तेव्हाच ठरवून घ्यावं.

पाणी न पिण्याचं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. गुडघे दुखतात, संडास अंगणाच्या टोकाला असतो, रात्री उठायला लागू नये म्हणून आजी संध्याकाळनंतर घोटभरही पाणी घेत नाही. तिला ‘भरपूर पाणी पी’ असं सांगून काय होणार? खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवली, वाटेत रात्रीचा दिवा लावला, तर ती आपणहून पाणी पिईल. कूलरचंही तसंच. ‘माझ्या एकटीसाठी कशाला बिल वाढवायचं’ म्हणून तो बंद असतो. अशा घरी मुलांनी एप्रिल ते जूनचं वीजबिल आपल्याकडे घ्यावं आणि तसं स्पष्ट सांगावं.

खोली किती तापली आहे, हे अंदाजाने ओळखू नये. साठीपुढच्या माणसांसाठी खोलीचं तापमान दिवसा 32 आणि रात्री 24 अंशांच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नागपुरात मे महिन्यात पहाटेचं किमान तापमानच 28च्या आसपास असतं, त्यामुळे रात्रीचा आकडा विदर्भात कूलर-एसीशिवाय गाठणं अशक्यच. तरी भिंतीवर एक साधा तापमापक लावला, की फोनवर विचारायला नेमका प्रश्न मिळतो : ‘आत्ता काटा कुठे आहे?’

पारा चाळिशीच्या वर गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा ओल्या पंचाने अंग पुसून मग पंख्याखाली बसावं. कूलर खिडकीत बसवावा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. गच्चीवर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात मारला तर खालची खोली काही अंशांनी थंड राहते. हे काम मार्चमध्येच उरकावं. दुपारी बंद ठेवलेल्या खिडक्या रात्री उघडायला हव्यात, पण चोराच्या भीतीने म्हातारी माणसं त्या उघडत नाहीत. तिथे मजबूत ग्रिल आणि डासांची जाळी बसवून देणं, हाही उष्माघातावरचाच उपाय.

म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, चिडचिड करू लागलं, फारच झोपाळू झालं आणि अंग तापलेलं असलं, तर ‘वयोमानाने होतं’ म्हणून सोडून देऊ नये. तापाची गोळी इथे चालत नाही. 108ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतून पंखा लावावा. मान आणि काखांत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

हे सगळं घरच्यांवर सोपवून सरकारला मोकळं होता येणार नाही. मे 2010च्या लाटेत अहमदाबादमध्ये एरवीच्या मे महिन्यापेक्षा 1,300हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. पुढे नागपूरनेही केला. पाणपोया, इशारे, रुग्णालयांत राखीव खाटा ही कामं मोलाची आहेत. पण पाणपोई रस्त्यावरच्या माणसाला पाणी देते. तिसऱ्या मजल्यावर एकट्या असलेल्या विधवेपर्यंत ती पोहोचत नाही. फ्रान्सने 2004मध्ये कायदा करून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही ठेवण्याचं काम महापौरांकडे दिलं, आणि लाट आली की त्या नोंदवहीवरून फोन केले जातात.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातला जवळपास दर दहावा माणूस साठीच्या पुढचा होता. प्रत्येक वॉर्डाने आणि ग्रामपंचायतीने अशी यादी फेब्रुवारीअखेर तयार करावी आणि इशारा आला की दिवसातून दोनदा कोण कोणाच्या दारी जाणार, हे नावानिशी ठरवावं. हे काम एकट्या आशाताईंच्या गळ्यात घालू नये; गृहनिर्माण संस्था, महिला बचत गट, गणेश मंडळं यांनीही वाटून घ्यावं. आपल्या जिन्यात असं कोण राहतं, हे वाचकांनी आजच पाहून ठेवावं आणि त्यांच्या मुलांचा फोन नंबर मागून घ्यावा.