औषधाचा गुण आणि औषधाची किंमत

रक्तदाब हा सुखवस्तूंचा विकार, ही समजूत केव्हाच मागे पडली आहे. हमाल, विडी कामगार, शेतमजूर स्त्रिया यांनाही तो ग्रासतो आणि औषध बहुधा जन्मभर घ्यावे लागते. म्हणूनच कोणते औषध काय करते, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा उरत नाही. तो मजुरीचाही होतो.

औषधांचे मार्ग भिन्न आहेत. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकते; अ‍ॅम्लोडिपीन रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते; लिसिनोप्रिल रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्याची निर्मिती रोखते. यांतील सरस कोणते, हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९९४ साली, प्रामुख्याने सरकारी पैशातून, प्रचंड चाचणी सुरू झाली. ३३,००० हून अधिक रुग्णांच्या तुलनेचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका टाळण्यात त्या वेळची नवी, महाग औषधे जुन्या, स्वस्त क्लोरथॅलिडोनहून सरस ठरली नाहीत. हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण तर क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांतच कमी होते. स्वस्त गोळीची थोरवी सिद्ध करण्यात कोणत्या कंपनीला रस असणार? ते काम सार्वजनिक पैशानेच होऊ शकते.

याचा अर्थ सर्वांना एकच गोळी, असा नव्हे. क्लोरथॅलिडोनने रक्तातील पोटॅशियम घटू शकते. लिसिनोप्रिल गर्भवतीला वर्ज्य आहे. निवड डॉक्टरांनीच करावी. मात्र ती रोग्याची प्रकृती पाहून व्हावी, विक्री प्रतिनिधीच्या आग्रहाने नव्हे.

आणखी एक गोष्ट कष्टकऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके शरीरात मीठ व पाणी साठवतात, रक्तदाब वाढवू शकतात आणि त्यावरील काही औषधांचा गुणही कमी करतात. पाठ दुखत असताना रजा घेतली तर मजुरी बुडते, म्हणून हमाल दुकानातून गोळी घेतो आणि ओझे उचलतो. एका गोळीने कमावलेले दुसरीने गमावले जाते, याची त्याला कल्पनाही नसते. दोष त्याच्या अज्ञानाला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. विश्रांती परवडू न देणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारलाच पाहिजे.

२०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने मोजक्या, स्वस्त औषधांचा साधा क्रम सरकारी दवाखान्यांपुढे ठेवला. कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पाहावे: या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या मिळतात काय? रक्तदाब नियमित मोजला जातो काय? आणि वेदनाशामकाविषयी रोग्याला कोणी विचारते काय? उत्तर नकारार्थी आले, तर लढ्याचा विषय हाताशीच आहे.