रोप कुणाचंही, चूल आपली

शेतकरी भावांनो, कोरडवाहू बांधावर गिरिपुष्प लावा, असं आम्हीही सांगतो. त्याचा पाला पऱ्हाटीला नत्र देतो. पण सरपणाचं काय? 2016 नंतर उज्ज्वलाचं सिलिंडर बुलढाण्याच्या खेड्यांत आलं, ते पुन्हा भरण्याइतका कापसाचा भाव आला नाही.

लाकूड कोणतंही असो, पूर्ण वाळलं की किलोमागे उष्णता जवळपास सारखीच. फरक ओलीचा आणि घट्टपणाचा. पऱ्हाटी भसकन पेटते, निखारा धरत नाही. म्हणून गिरिपुष्पाची एक फांदी तोडा, तोला, वाळवा. वजन घटायचं थांबलं की परत तोला. निम्मं पाणीच निघालं तर नवल नाही. मग बाभळीच्या तेवढ्याच वाळल्या तुकड्याशेजारी जाळा. भाकरी किती झाल्या, धूर किती, हे चुलीपुढची मायबहीणच सांगेल. तिचा कौल येईपर्यंत बांधावरची बाभूळ तोडू नका.